मदनशेठ, ती यादी मी वाचली नव्हती

सर, तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. दुकानावरची आपली खोली मी परवा पहिल्यांदा उघडली. सर्व्हर चालूच होता. तुम्ही गेलात त्या दिवशीही त्याने ठरल्या वेळी सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवली होती, आणि त्यानंतरही रोज. मला त्याचा राग आला. मग वाटलं, हे तुम्हीच तर त्याला शिकवलं होतं.

तुमच्याबद्दल बाकीचे लिहितील. घोडेगावच्या पेठेत कापडवाल्यांच्या घरी जन्मून कापडाला हात न लावलेला माणूस, तालुक्यातल्या कितीतरी संस्थांना कॉम्प्युटर दाखवणारा पहिला माणूस, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. मी मागे बायकांत बसले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मान हलवून नाही म्हटलं. सभा संपल्यावर पायरीवर चपला घालताना दोघे जण बोलत होते.

“लई सरळ माणूस, राव. कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय.”

“सरळच व्हता. तेवढी ती बेण्याची यादी सोडली तर.”

“हां. तेवढं एक.”

सर, ते एक तुमचं नव्हतं, माझं होतं. हे तुम्हाला सांगायला मला तीन वर्षं मिळाली आणि मी सांगितलं नाही. म्हणून आता इथे लिहून, सगळ्यांच्या देखत, तुमच्याशी बोलते आहे.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती शिनोलीहून एसटीने, हातात बी.एस्सी.चं प्रमाणपत्र घेऊन. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आईने ते प्रमाणपत्र उंदरांपासून वाचावं म्हणून गव्हाच्या कोठीत ठेवलं होतं, त्यामुळे त्याला गव्हाचा वास होता. पुण्यात तीन मुलाखती दिल्या होत्या आणि तिन्ही वेळा माझं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला संपलं होतं. तुम्ही प्रमाणपत्र पाहिलंच नाही. लिनक्सच्या मॅन्युअलचं एक पान छापून समोर ठेवलंत आणि म्हणालात, “वाच आणि मला मराठीत सांग.” मी शब्दाला शब्द ठेवत सांगितलं. तुम्ही म्हणालात, “हे तू वाचलंस. आता कळलं काय ते सांग.” मी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटी म्हणाले, “नाही कळलं, सर.”

“छान. उद्यापासून ये.”

सगळे तुम्हाला शेठ म्हणायचे आणि तुम्हाला ते आवडायचं नाही. खाली गादीवर बसायचे तुमचे भाऊ. गिऱ्हाइकांना ते सांगायचे, “आमचा मदन वरच्या मजल्यावर हवा विकतो. दिसत नाही, मापता येत नाही, पण विकतो.” तुम्ही वरून ओरडायचात, “तुझ्या बिलाचं मशीन कुणी बसवलं रे?” आणि दुकान हसायचं.

त्या वर्षी आपल्याकडे शीतगृहाचं काम आलं. खरं तर आलं नाही, तुम्ही ते ओढून घेतलंत. रस्त्याकडेच्या त्या शीतगृहात पठारावरचे शेतकरी बटाट्याचं बेणं ठेवतात. मार्चमध्ये कट्टे आत जातात, जूनमध्ये लागवडीच्या तोंडावर बाहेर निघतात. कुणाचे किती कट्टे, कुठल्या खोलीत, कुठल्या घोडीवर, म्हणजे मांडणीवर, हे सगळं सांगणारा प्रोग्राम तुम्हीच ऐन तरुणपणी लिहिलेला. तो एका जुन्या सर्व्हरवर चालायचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यातली युनिक्स ही मूळ प्रणाली विकत घेतलेली, तिचा परवाना त्या एकाच यंत्राला बांधलेला, आणि ती विकणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. डिस्क सुरू होताना घशात काही अडकल्यासारखा आवाज करायची.

“काका, उद्या हे गेलं तर आतले कट्टे कुणाचे हे कोण सांगणार?” तुम्ही शीतगृहाचे मॅनेजर थोरात काकांना विचारलंत.

नव्या यंत्रावर तुम्ही लिनक्स ही खुली, फुकट मिळणारी प्रणाली घालणार होतात; काकांना तिचं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्सच्या पेंग्विनचं चित्र पाहून ते म्हणाले, “हा पक्षी हाय व्हय तुमचा? मग चालंल. आमच्या खोलीत ह्यालाच थंडी वाजणार नाय.”

काम ठरलं ते असं.

त्या दिवसांत आपला एक वाद चालायचा आणि तो कधी मिटला नाही. मी म्हणायचे, “सर, उघडं सॉफ्टवेअर म्हणजे कुणाचंच नाही. बिघडलं तर फोन कुणाला करायचा?” तुम्ही म्हणायचात, “लोक आपल्याला करतील.” मी म्हणायचे, “पण मग चूक कुणाची?” तुम्ही चहाची बशी बाजूला सरकवायचात. “ज्याच्या हातून झाली त्याची. कंपनीच्या आड लपायची सोय गेली, एवढंच. मी ते फुकट आहे म्हणून घेत नाही. माझ्या मागे कुणालाही ते उघडून आत काय आहे ते बघता यावं, म्हणून घेतो.” मला तेव्हा हे सभेतल्या भाषणासारखं वाटायचं.

प्रोग्राम नव्या यंत्रावर नेताना तुमची एक पद्धत होती. जुनं यंत्र लगेच बंद करायचं नाही. दोन्हींवर तीच नोंद रोज करायची, आणि दोन्हींनी काढलेल्या याद्या छापून शेजारी शेजारी ठेवायच्या. मग एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लाल पेन्सिलीने टिक करायची. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने. दुकानातली माणसं कापडाचे गठ्ठे उतरवून घेताना असंच करतात, एक जण नग पुकारतो, दुसरा खूण करतो. तुम्ही ते तिथूनच उचललं असणार. मला ते जुनाट वाटायचं. कॉम्प्युटरचं काम तपासायला दोन माणसं आणि एक पेन्सिल!

मे महिन्यात शीतगृहातून बेणं सोडायची यादी निघाली. कोणाचे कट्टे आधी बाहेर काढायचे, हे त्या यादीवर ठरतं, कारण खोलीतून दिवसाला ठरावीकच माल निघतो आणि लागवड सगळ्यांना एकाच आठवड्यात करायची असते. दोन्ही यंत्रांनी यादी छापली. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदाचे दोन गठ्ठे. तुम्ही नेमके आठवडाभर राजस्थानात, भाचीच्या लग्नाला. जाताना म्हणालात, “मनीषा, थोरात काकांना सोबत घे आणि वाचून ठेव. सगळी.”

मी वाचली नाही. दोन्ही याद्यांच्या फायली घेतल्या, त्या जुळवणारा दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि चालवला. एका क्षणात उत्तर आलं, फरक नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी तो दोनदा चालवला. तुमचा तिकडून फोन आला, मागे सनई वाजत होती.

“वाचलीस?”

“हो, सर.”

“काकांसोबत?”

“हो.”

“मग जुनं यंत्र बंद करायला सांग.”

माझ्या त्या दोन ‘हो’वर ते बंद झालं.

जून लागला. यादीप्रमाणे कट्टे निघू लागले. पाचव्या दिवशी, आपण दोघे तिथेच असताना, किसननाना शीतगृहाच्या ऑफिसात आले. पठारावरचे, सत्तरीचे, अंगाने वाळकुडे, आवाजाने नाही. हातात घडी घातलेली पावती.

“पावती नंबर एक हाय माझी. एक! उजाडायच्या आत येऊन बसलो व्हतो गेटवर. आन् माझा नंबर शेवटाला?”

थोरात काका म्हणाले, “नाना, कॉम्प्युटरनं लावलंय. मी काय करू?”

“कॉम्प्युटर चुकत नसतो म्हणं. मग माणूस चुकला. न्हाईतर माणसानं चुकवलं. ही वरची नावं बघा की! सगळे बागायतदार. आन् खाली सगळी आमची, पठारावरची.”

तुम्ही यादी हातात घेतलीत. मी तुमच्या मागे उभी होते. तुमचं बोट पहिल्या पानावर दोन-तीन नावांवरून फिरलं आणि थांबलं, आणि मला कळलं की तुम्हाला कळलं.

झालं होतं ते असं. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी शंभरएक माणसं आली होती. सगळ्यांची तारीख एक. जुना प्रोग्राम तारखेप्रमाणे यादी लावायचा, आणि एकाच तारखेची माणसं ज्या क्रमाने नोंदवली गेली त्याच क्रमाने पुढे ठेवायचा. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण त्यावर वर्षानुवर्षं सगळे विसंबून होते. नव्या यंत्रावर आपण फक्त ‘तारखेप्रमाणे लाव’ एवढंच सांगितलं. तारीख एकच असेल तर पुढे काय, हे न सांगितल्यामुळे त्याने माणसं खातेक्रमांकाने काढली. लहान क्रमांक जुन्या खातेदारांचे, म्हणजे मोठ्या बागायतदारांचे. नानांचं खातं त्याच वर्षीचं. पहिला माणूस त्या शंभरांत शेवटी गेला.

आणि मी? मी फायली जुळवण्याआधी दोन्ही फायलींतल्या ओळी नीट क्रमाने लावून घेतल्या होत्या. म्हणजे ज्या गोष्टीत फरक होता तीच मी आधी पुसून टाकली, आणि मग फरक नाही असं उत्तर मिळवलं. मोठ्याने वाचली असती तर पहिल्याच ओळीला काकांची पेन्सिल थांबली असती.

तुम्ही हात जोडलेत. “नाना, तुमचं बरोबर आहे. चूक माझी. यादी मी तपासायला हवी होती.”

“तुमची? मग मुद्दाम केली म्हना की!”

तुम्ही जोडलेले हात सोडले नाहीत. मी पुढे झाले नाही. माझ्या हातात त्याच यादीची दुसरी प्रत होती आणि ती मी छातीशी धरली होती, परीक्षेच्या पेपरसारखी.

दुपारी तुम्ही मला एवढंच म्हणालात, “तारखेनंतर पावती क्रमांकाने लाव.” का, कसं, कुणी, काही नाही. मी एक ओळ लिहिली. नवी यादी निघाली आणि नानांचं बेणं त्याच दिवशी बाहेर आलं. पण बेणं थंडीतून काढून लगेच मातीत जात नाही, चार दिवस सावलीत पसरावं लागतं. तोवर पठारावर पाऊस लागला. नानांच्या रानाला वापसा यायला, म्हणजे माती लागवडीजोगी सुकायला, जवळपास तीन आठवडे गेले. उशिराची लागवड करपा रोगात सापडली.

पुढच्या वर्षी नाना शीतगृहात आले नाहीत. मात्र पठारावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांनी सांगितलं, मदनशेठनं ओळखीच्यांना वर घेतलं. ते खाली उतरत उतरत घोडेगावच्या बाजारापर्यंत आलं. एकदा मी तुमच्यासोबत असताना भाजीवाल्याने हाक मारली, “काय शेठ, आमचा बी नंबर वर घ्या की!” तुम्ही हसलात. मी पिशवीत बघत राहिले.

मी का बोलले नाही? पुष्कळदा स्वतःला विचारलं. नोकरी जाईल ही भीती नव्हती, तुम्ही काढलं नसतंत. आमच्या गल्लीत आई सगळ्यांना सांगायची, “आमची मनी घोडेगावात कॉम्प्युटरवर बसते, तिच्यावाचून त्यांचं पान हलत नाही.” मला त्या मनीला खाली पाडायचं नव्हतं. आणि तुम्हाला समोर बसून ‘मी खोटं बोलले’ असं सांगितलं तर तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणाल आणि चहा मागवाल, हे मला ठाऊक होतं. रागावला असतात तर कदाचित सांगितलं असतं.

दोन महिन्यांनी तुम्ही दूधसंस्थेचं सगळं काम माझ्यावर सोपवलंत. जुन्या यंत्रावरून नव्यावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकटीवर. ते काम मी अक्षरशः ओळ न् ओळ वाचून केलं, संस्थेच्या शिपाईमामांना समोर बसवून. मामा पेंगायचे, मी पुन्हा वाचायचे. मनात म्हणायचे, सरांना काही माहीत नाही म्हणून एवढा विश्वास टाकतात.

परवा खोली उघडली ती पासवर्डचं पाकीट घेण्यासाठी. तुम्ही ते कपाटात, वर माझं नाव घालून, चिकटवून ठेवलं होतं. तुमच्या फोल्डरमध्ये सगळ्या संस्थांची कामं नावानिशी लावलेली. शीतगृहाच्या कामात मला माझा तो दहा ओळींचा प्रोग्राम सापडला. मी तो माझ्याकडून केव्हाच पुसला होता. तुम्ही सर्व्हरवरच्या जुन्या प्रतीतून तो काढला असणार. दोन्ही फायली क्रमाने लावणारी ओळ तुम्ही बाद केली होती, आणि तिच्यावर मराठीत लिहिलं होतं:

‘जुळवण्याआधी ओळींचा क्रम बदलू नये. क्रम हीच नोंद आहे.’

फायलीवर तारीख होती. नाना ऑफिसात येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

त्या टिपेत माझं नाव नव्हतं, तुमचंही नव्हतं. पुढे ज्याला कुणाला हे काम करायचं असेल त्याच्यासाठी ती होती. म्हणजे दूधसंस्थेचं काम तुम्ही मला दिलंत ते सगळं माहीत असताना. खालून तुमच्या भावाने दोनदा हाक मारली.

काल सकाळी मी पठारावर गेले. किसननाना वस्तीवर फवारणीचा पंप खोलून बसले होते.

“कोण गं तू?”

“घोडेगावहून आले. मदनशेठकडे काम करते.”

“गेला म्हणं शेठ.” त्यांनी मान वर केली नाही. “मी काय आलो न्हाय.”

मी सांगितलं. लग्नाला गेलेले तुम्ही, फोन, दोन ‘हो’, सगळं. प्रोग्रामचं त्यांना कळेल असं सांगायचा प्रयत्न केला. ते मध्येच म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. तू वाचली न्हाईस आन् वाचली म्हणलीस. एवढंच ना?”

“हो.”

“मग तवा का नाय बोललीस?”

“भ्याले.”

“कुनाला? मला?”

“सरांना. ते काही बोलले नसते म्हणून.”

त्यांनी पंपाचं वायसर काढलं, फुंकलं, परत बसवलं. “तीन वरसं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. च्या पेताना, लग्नात, इस्टीत. आता त्या कुनाच्या नावावर टाकू? तुझ्या?”

“टाका.”

“लई शहानी. टाका म्हणं!” ते उठले, पंच्याला हात पुसले. “चल.”

“कुठे?”

“मी जिथं बोललो तिथं. तिथंच बोल तू बी.”

फाट्यावरच्या टपरीवर सात-आठ माणसं होती. नानांनी बाकडं वाजवलं. “ही पोरगी काय सांगतीया ते ऐका. मधी बोलू नका.” मी उभ्याने सांगितलं. कोणी हसलं नाही. एकाने फक्त विचारलं, “शेठला ठावं व्हतं का, तुझी चूक हाय म्हणून?”

“दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

“आन् तरी गप ऱ्हायला?”

चहावाल्याने गॅस बारीक केला. मी निघताना नानांनी विचारलं, “घरी कोण असतं आता?” मी म्हटलं, शेठच्या पत्नी, आमच्या काकू.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते घोडेगावात आले. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. दुकानाच्या मागच्या खोलीत काकू बसल्या होत्या, मी दारात उभी होते. नाना आत गेले आणि उभेच राहिले.

“वैनी, तुमच्या मालकाला मी लबाड म्हणलो. गावभर.”

“माहीत आहे मला,” काकू म्हणाल्या. “लोक घरी येऊन सांगायचे त्यांना.”

“मग काय म्हणायचे शेठ?”

काकूंनी पदर सारखा केला.

“म्हणायचे, नाना खोटं बोलत नाहीत. त्या दिवशी गेटवर सगळ्यात आधी तेच होते.”

नाना खाली बसले. ते उठेपर्यंत तुमच्या भावाने दुकान उघडलं नाही. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना त्यांनी खुर्च्या नेऊन दिल्या.